उल्कावर्षाव नको, मला अभयमंडळच हवं होतं

गेल्या गुरुवारी काळेवाडीत अमोलच्या घरी आमचं जोरदार भांडण झालं... एका मंत्रावरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही चौघं दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, हातात फासे, आणि सुमेध गोष्ट पुढे नेतो. राक्षस, राज्यं, जादू... सगळं तोंडी.

माझं पात्र इरावती. म्हातारी, खडूस जादूगारीण. लॉकडाऊनपासून तिला खेळतेय. चाकणला दिवसभर प्लॅनिंगच्या मीटिंगा केल्यावर आठवड्यातून एकदा इरावती व्हायला मिळतं, ते मला लागतं.

तर त्या गुरुवारी इरावती सगळ्यात वरच्या पातळीला पोचली. तिथे एकच मंत्र निवडायचा असतो. एकदा घेतला की बदलता येत नाही.

"उल्कावर्षाव," अमोल मी बसायच्या आतच म्हणाला. आकाशातून आगीचे गोळे पडतात, समोरची अख्खी फौज खल्लास. सगळे तोच घेतात.

मी म्हटलं, मी अभयमंडळ घेतेय.

अमोलने कपाळावर हात मारला. अभयमंडळ म्हणजे एक मोठं वर्तुळ. त्याच्या आत कुणालाच शस्त्र उचलता येत नाही, ना शत्रूला, ना आपल्याला. बाहेरून सोडलेला बाणही ते ओलांडत नाही. इरावती आत उभी आहे तोवर ते टिकतं, आणि संपलं की तिच्यात दुसरी कुठलीही जादू करण्याइतका जीव उरत नाही.

"स्नेहल, एकही शत्रू मरत नाही याने," अमोल म्हणाला. "ते वर्तुळाबाहेर बसून राहतील. संपलं की तू मोकळ्या हाताने समोर. एवढ्या वरच्या पातळीचा मंत्र कुणी असा वाया घालवतं का राव?"

खरं सांगते... त्याचा प्रत्येक मुद्दा बरोबर होता. मीही आठवडाभर तोच विचार केला होता. पण मी आणखी एक गोष्ट बघितली होती. आमच्या टोळीत अमोलचा योद्धा आहे, त्याची बायको पूजा हिची तिरंदाज आहे. मारायला माणसं आहेत. आम्ही प्रत्येक लढाई जिंकतो आणि प्रत्येक वेळी ज्या गावासाठी लढलो ते गाव मागे जळत असतं. एकदा तर धान्यबाजार आम्हीच पेटवला होता, आणि त्याला विजय म्हटलं होतं.

"तू इमोशनल होतेयस," अमोल म्हणाला.

हे वाक्य मी ऑफिसातही ऐकते. मी पेन घेतलं आणि कागदावर अभयमंडळ लिहून टाकलं.

त्याच दुपारी परीक्षा आली. नदीकाठचं एक गाव, पलीकडे जायला थोड्याच नावा, आणि टेकडीवरून घोडेस्वार उतरताना दिसले. काठावर म्हातारेकोतारे, पोरं, शेरडं... सगळा गोंधळ.

"आत्ता उल्का असत्या तर..." अमोल पुटपुटला. त्या उल्का काठावरच्या माणसांवरही पडल्या असत्या, हे पूजाने त्याला सांगितलं.

मी मंत्र टाकला. घोडेस्वार वर्तुळात शिरले आणि त्यांच्या तलवारी म्यानातून निघेचनात. सुमेधने ते इतकं छान रंगवलं... एक सैनिक शेळीशेजारी अवघडून उभा आहे, त्याला काय करावं कळत नाहीये. त्यांच्या मधूनच नावा भरून निघतायत.

आणि मग अमोल म्हणाला होता तेच झालं. त्यांच्या सरदाराने माणसांना बाहेर बोलावलं, वर्तुळाच्या कडेला खाली बसला आणि वाट बघू लागला.

शेवटची नाव निघायची वेळ आली. सुमेधने माझ्याकडे बघितलं. "इरावती नावेत चढली तर मंडळ मोडेल. नाव अजून बाणांच्या टप्प्यात आहे. काय करतेस?"

"थांबते," मी म्हटलं.

पूजा म्हणाली, माझी तिरंदाज नावेतून उतरून तुझ्यासाठी परत येते. मी म्हटलं, तू वल्हं मार.

नाव टप्प्याबाहेर गेली. मंडळ विझलं. इरावती वाचते का ते ठरवायला सुमेधने फासे सगळ्यांसमोर टेबलावर टाकले... आणि इरावती गेली. इतक्या वर्षांची माझी खडूस म्हातारी.

"सांगितलं होतं ना," अमोल हळूच म्हणाला.

"हो. आणि तू सांगितलेलं सगळं खरं ठरलं," मी म्हटलं. "तरी आत्ता परत निवडायला लावलंस तर हाच मंत्र घेईन."

मग अमोलनेच सुमेधला विचारलं, "गावातले किती वाचले?"

"सगळे," सुमेध म्हणाला. "काठावर कुणीच उरलं नाही."

आमच्या खेळात हे याआधी कधीच झालं नव्हतं. अमोलने टेबलावरचे फासे गोळा केले. मग म्हणाला, "तरी मंत्र भिकारच आहे." पूजाने त्याच्यापुढची भेळेची डिश उचलून माझ्यापुढे ठेवली.

भिकार तर भिकार. किती मारले यावरच मंत्राची लायकी ठरवायची असेल तर ठरवा बापडे, मी ठरवणार नाही. आणि इमोशनल म्हणायचं तर खुशाल म्हणा... मी पुरता विचार करून निवडला होता.

एक आभार मात्र मानायचेत, सुमेधचे. मनात आणलं असतं तर फासे हाताआड टाकून त्याने इरावतीला वाचवलं असतं, आम्हाला कळलंही नसतं. त्याने तसं केलं नाही. निवड माझी होती, ती त्याने शेवटपर्यंत माझीच राहू दिली.