जळल्याचा वास

त्रुकने आजीला ढकललं तेव्हा कारखान्यातल्या कढईतला नारळाचा पाक नुकताच घट्ट होऊ लागला होता. म्हातारीचा तोल गेला, कोपर तापलेल्या काठाला टेकलं आणि कातडी सोलून निघाली. नारळाच्या गोळ्या कागदात गुंडाळायला बसलेल्या बायका किंचाळत उठल्या. नऊ वर्षांची त्रुक मात्र थांबेना. डोळे ताठ, दात आवळलेले, हाताला लागेल ते भिरकावत सुटलेली. थोआने लेकीला मागून कवेत धरलं, तेव्हा पोरीने डोकं असं मागे आपटलं की थोआचा ओठ फुटला.

मिनिट-दीड मिनिट हे चाललं. मग पोर एकदम सैल पडली. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाली, "आई, तुझ्या ओठाला काय झालं?"

"बघा, बघा सोंग!" कारखान्याची मालकीण कडाडली. तिला सगळं गाव सहावी मावशी म्हणे. "थोआ, उद्यापासून तू ये, पण ही पोर इथे नको. कढई अंगावर घेतली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

गेले सात महिने थोआ हेच ऐकत होती. आधी महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं, आता आठवड्यातून तीनदा. शाळेत बाईंनी त्रुकला उन्हात उभं केलं, मग घरीच ठेवा म्हणून निरोप धाडला. तालुक्याच्या डॉक्टरने टॉनिक लिहून दिलं आणि "एकुलती एक आहे, लाडावलीय" असं वर ऐकवलं. सासूने देवऋषीकडे नेऊन मनगटात लाल दोरा बांधला, राखेचं पाणी पाजलं. थोआने स्वतः एकदा झाडूने मारलं होतं. ते वळ दोन दिवसांत गेले, पण थोआला अजून दिसत.

नवरा फुओक सोललेल्या नारळांची सोडणं वाहणाऱ्या पडावावर कामाला. पंधरा दिवसांनी घरी यायचा. त्या संध्याकाळी घरी येताच त्याने आईच्या हातावरची पट्टी उचकून पाहिली.

"नदीपलीकडच्या मठात असली पोरं ठेवतात," सासू म्हणाली. "नऊ तारखेला मी घेऊन जाते. अंगातलं निघाल्याशिवाय ही सुधारायची नाही."

"तिथे हात बांधतात म्हणे," थोआ म्हणाली.

"मग काय करायचं? माझा हात भाजला, उद्या कुणाचा डोळा जाईल!"

फुओक खाली बघत म्हणाला, "पंधरा दिवस ठेवून बघू."

थोआने नऊ तारखेआधीचे चार दिवस मागून घेतले. त्रुकला घेऊन बहिणीकडे जाऊन येते म्हणाली. खरं तर तिला काही सुचत नव्हतं, फक्त नऊ तारीख डोळ्याआड करायची होती.

बहीण बे समुद्राकाठी राहायची. नवऱ्याची कोळंबीची तळी होती. तिथे दिवसभर खारा वारा, तळ्यात हवा खेळवणारी लोखंडी चक्रं घरघरत फिरायची. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दुपारी तिघी ओसरीवर आंबट माशाचं सार आणि भात खात बसल्या होत्या. त्रुकने चमचा खाली ठेवला.

"आई, पाक करपतोय."

"हं," थोआ सवयीने म्हणाली, आणि तिचा घास हातातच राहिला.

इथे पाक कुठला? कित्येक कोसांत एक कढई नव्हती. चूलसुद्धा विझलेली. तिकडे गावी त्रुक हे म्हणायची तेव्हा कुणीतरी कढईत डोकावून यायचं आणि विसरून जायचं. त्या कारखान्यात जळक्या साखरेचा वास कुणाला नवा होता? थोआ आठवू लागली. आजी भाजली त्या दिवशी त्रुक हेच म्हणाली होती. शाळेतून निरोप आला त्या सकाळीही.

त्रुकचा उजवा हात सदऱ्याची कड चिमटू लागला होता. अंगावर काटा उभा राहिला होता, पण फक्त त्याच हातावर.

"बे, फोन काढ. शूटिंग कर."

"वेडी झालीस का? पोटच्या पोरीचा तमाशा..."

"काढ म्हणते ना!"

त्रुक किंकाळी फोडून उठली आणि तळ्याकडे धावत सुटली. थोआ अनवाणीच मागे पळाली. बांध ओला, निसरडा. चार हातांवर ते चक्र पाणी उडवत फिरत होतं. पाय घसरता घसरता थोआने सदरा पकडला, लेकीला चिखलात पाडलं आणि स्वतःचं सगळं वजन तिच्यावर टाकलं. पोर ओरबाडत होती, लाथा मारत होती. थोआ तिच्या कानाशी आकडे मोजत राहिली. सत्तरला त्रुक सैल पडली.

बे बांधावर उभी होती. फोन तिने अजून खाली केला नव्हता.

"ताई," ती रडत म्हणाली, "त्रुक असं करणारी नाही गं. हिला काहीतरी होतंय."

दुसऱ्या पहाटेची शहराची बस थोआने धरली. वाटेत फुओकला फोन केला.

"मुलांच्या मोठ्या दवाखान्यात नेतेय."

"आईला विचारलंस?"

"नाही. तुम्हालाही विचारत नाहीये, सांगतेय."

पलीकडे पडावाचं इंजिन धडधडत होतं. मग तो म्हणाला, "पोचलीस की कळव."

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. वासाचं, हाताचं, सत्तर आकड्यांचं नीट विचारून घेतलं. डोक्याला तारा लावून आलेख काढला. आलेख साफ आला. लेकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून थोआ घाबरली. आता हीसुद्धा लाडावलीय म्हणणार!

"त्या अर्ध्या तासात काही झालं नाही, एवढंच यातून कळतं," बाई म्हणाल्या. "मला ही फिट वाटते."

"फिट? पण तोंडाला फेस येत नाही, पडत नाही..."

"सगळ्या तशा नसतात. मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात गडबड झाली तर नसलेला वास येतो, भीती दाटते, माणूस धावत सुटतो. नंतर त्याला काही आठवत नाही."

"नक्की?"

"नक्की नाही. दाट संशय आहे. औषध सुरू करू, आणि तुम्ही आज सांगितलंत तसंच सगळं लिहून ठेवा."

नऊ तारीख आली आणि गेली. सासू आठ दिवस थोआशी बोलली नाही. पहिल्या औषधाने त्रुक वर्गात पेंगू लागली, ते बदलावं लागलं. मेंदूच्या फोटोतही ठाम काही सापडलं नाही. पण आठवड्यातून तीनदा होणारं तीन आठवड्यांतून एकदा होऊ लागलं. सासूने लाल दोरा काढू दिला नाही, थोआनेही हट्ट धरला नाही. आता पोरगी "वास येतोय" म्हणाली की म्हातारीच आधी उठून कोयता उचलून ठेवी आणि चटई पसरी.

शाळेने परत घेतलं. पण बाकावर शेजारची जागा रिकामी राहिली. एका दुपारी त्रुक पुन्हा म्हणाली, "मला तो व्हिडिओ दाखव."

थोआने महिनाभर टाळलं होतं. त्या दिवशी दाखवला.

"मी तुला मारतेय," त्रुक पुटपुटली.

"हो. पण तुला ते ठाऊक नव्हतं."

"हे न्यीला दाखवू या? ती आता माझ्या बाकावर बसत नाही."

थोआला नको वाटत होतं. गावभर झालं तर? तरी दुसऱ्या सकाळी दोघी न्यीच्या दारात गेल्या. तिच्या आईने उंबऱ्यात उभ्यानेच सगळं पाहिलं आणि फोन परत दिला. न्यी त्या दिवशीही दुसऱ्याच बाकावर बसली. आठवड्याने येऊन तिने त्रुकला विचारलं, "वास आला की मी काय करायचं?"

"बाईंना सांगायचं," त्रुक म्हणाली, "आणि पेन्सिली बाजूला करायच्या."