त्रेचाळीस सालची थ्री नॉट थ्री

बाबा दसऱ्याच्या सकाळी वर्ध्याला होस्टेलवर आले ते डोक्यावर वांग्याची टोपली घेऊन, आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "सामान बांध."

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. आष्टीजवळच्या आमच्या गावात वांगी, वाल आणि मिरच्या पिकवून बाबांनी मला तिथवर पोचवलं होतं. त्यामुळे त्यांनी "बांध" म्हटल्यावर मी आधी ट्रंक ओढली आणि मग विचारलं, "काऊन?"

"तू बंदूक धरून राह्यला म्हणे."

ही बातमी मीच आईला कळवली होती, अभिमानाने. कॉलेजातल्या परेडच्या तुकडीत माझी निवड झाली होती, खाकी कपडे मिळाले होते, आणि थ्री नॉट थ्री रायफल मिळाली होती. आईने कौतुकाने जवसाच्या तेलाची बाटली पाठवली होती. बाबांना मात्र एकच गोष्ट आठवली. बेचाळीसच्या ऑगस्टात आष्टीत गोळीबार झाला, नंतर आमच्या बाजूला बंदूकवाले शिपाई फिरले, आणि बाबा तीन दिवस वालाच्या मांडवाखाली बसून होते. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नसत. फक्त वालाची भाजी पानात आली की आईकडे बघत आणि मगच जेवत.

"ज्या बंदुकीनं आमच्यावर नेम धरला," ते म्हणाले, "ते माह्या पोराच्या खांद्यावर नाई पाहिजे. शिकनं राहू दे मंग."

म्हणजे प्रश्न नुसत्या परेडचा नव्हता. मी हात जोडून म्हटलं, "बाबा, माझी बंदूक तेव्हाची नाही. ती नंतर बनली."

"तुले कोनं सांगितलं?"

सांगितलं होतं आमच्या हवालदारांनी. ते उत्तरेतल्या डोंगराकडचे, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले. आमच्या बंदुका बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या. लढाई पेटली तशी मागणी वाढली, तेव्हा कारखान्याने जिच्यावाचून अडत नाही अशी एकेक वस्तू बंदुकीतून काढून टाकली. लांबच्या नेमाची जादा माशी गेली, गोळ्या अडवून धरणारी पट्टी गेली. अक्रोडाचं लाकूड पुरेना, तेव्हा दुसरं लाकूड आलं. पण एक गोष्ट सुटली नाही. खटक्याच्या वर, बोल्टच्या दांडीखाली, दस्ता जोडतात त्या लोखंडी गळ्यावर मुकुट, कारखान्याचं नाव आणि साल ठोकल्याशिवाय बंदूक बाहेर पडत नसे. हे सगळं मी परीक्षेसारखं पाठ केलं होतं आणि आता बाबांसमोर तसंच म्हणून दाखवलं.

बाबांनी ऐकून घेतलं. "बाजारात बैल विकनारा बी असंच सांगते," ते म्हणाले. "वय कळायले दात दाखव."

दसऱ्याला बंदुकांच्या खोलीत शस्त्रपूजा असे आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत येऊ देत. आम्ही वांग्याच्या टोपलीसकट गेलो तेव्हा बंदुका भिंतीशी ओळीने उभ्या होत्या, झेंडूची फुलं घालून. बाबांनी हवालदारांना रामराम केला आणि सरळ माझ्या बंदुकीसमोर उकिडवे बसले. दांडी वर केली आणि खाली डोकावून पाहिलं.

साल दिसेना.

तिथे पिवळा, कडक, चकचकीत थर होता. हवालदारांनी लाकडाला जवसाचं तेल चोळायला सांगितलं होतं. आम्ही सगळी विदर्भातली पोरं. जवसाचं तेल भाकरीला चालतं, चटणीला चालतं, गाडीच्या कण्यालाही चालतं. लोखंडाने काय पाप केलं, म्हणून सगळ्यांनीच बंदुका टोकापासून टोकापर्यंत माखल्या होत्या. जवसाचं तेल लोखंडावर वाळलं की रोगणासारखं घट्ट बसतं, हे हवालदारांना आणि आम्हाला एकाच वेळी कळलं.

"ये क्या है?" हवालदार म्हणाले.

"जवस," बाबा म्हणाले. "आमच्या घरचं हाय. चोखं."

"बाबा, ये राइफल है, पराठा नहीं है!"

"मले काय सांगता? साल दाखवा, नाई तं पोरगं घेऊन चाललो."

हवालदार चिडले होते, पण कॅडेट गमावणंही त्यांना नको होतं. त्यांनी रॉकेलात चिंधी बुडवली आणि स्वतः घासायला बसले. मी बाजूला उभा राहून घाम पुसत होतो. हवालदारांनी सांगितलेलं मला पाठ होतं. माझ्या बंदुकीवरचं साल मी स्वतः कधी वाचलंच नव्हतं. आधी मुकुट दिसला. मग एक, नऊ, चार. शेवटच्या आकड्यावर जवस अडून बसला होता. बाबांनी हवालदारांच्या हातातली चिंधी घेतली, नखाने खरवडलं.

तीन.

"त्रेचाळीस," मी म्हणालो.

बाबांनी बोट फिरवून खात्री केली. "दोन दाती हाय," ते कोवळ्या बैलाबद्दल म्हणावं तसं म्हणाले. "बेस." आणि बंदुकीला हळदकुंकू लावलं.

इथे थांबले असते तर बाबा कसले. चिंधी हातात होतीच. त्यांनी शेजारची बंदूक घेतली, मग तिच्या पुढची. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. हवालदार मागून म्हणत होते, "बाबा, ये बैल बाज़ार नहीं है," आणि बाबा "जरासं थांबा" म्हणत पुढे सरकत होते.

माझ्या खोलीतल्या मित्राच्या बंदुकीवर एक्केचाळीस निघालं.

तो हिंगणघाटचा, गिरणी कामगाराचा मुलगा. त्याचा चेहरा असा उतरला, जणू साल त्याच्याच कपाळावर ठोकलं होतं. "काका, मले ते हवालदारसाहेबांनी देली," तो पुटपुटला. "मी मांगितली नाई."

बाबांनी त्या सालावर बोट ठेवलं. "हे कुठं होती तेव्हा?"

"पता नहीं, बाबा," हवालदार आता हळू बोलले. "ये बोलती नहीं."

"याले दुसरी द्या."

"इसे लूँगा तो किसी और को देनी पड़ेगी."

बाबांनी चिंधी खाली ठेवली. मग उठले, मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग तूच धर. तुह्या हातात हाय तोवर दुसऱ्याच्या हातात तं नाई."

त्या बंदुकीला त्यांनी कुंकू लावलं नाही. नुसती हळद लावली, जखमेला लावावी तशी.

होस्टेलवर परतल्यावर त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, "काढ सामान. अन् ध्यानात ठेव, मायनं तेल खायले पाठवलं होतं." वांगी त्यांनी हवालदारांना देऊन टाकली होती.

मी पदवीधर झालो तो असा. तोवर दर सुट्टीत मी घरी गेलो की बाबा मार्कांचं नंतर विचारत. आधी विचारत, "ते एक्केचाळीसची कोनाजवळ हाय?" अजून त्याच मित्राजवळ आहे म्हटलं की ते हात धुऊन जेवायला बसत.