जाळी कोणी काढली

आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात त्याला सगळे नाटक्या म्हणतात. तरुणपणी हौशी नाटकांत कामं करायचा. त्यावर पोट काही भरेना, म्हणून यंत्रावर आला. नव्या कामगारांना सुरक्षेचे नियम समजावायचं काम साहेबांनी त्याच्या गळ्यात घातलं, तेव्हा मला हसू आलं होतं. आधीचा माणूस कागद वाचून दाखवायचा आणि ऐकणारे डुलक्या काढायचे.

नाटक्याने कागद बाजूला ठेवला आणि आमच्या मेलेल्या मित्राची गोष्ट सांगायला घेतली. मित्र भारी घाईचा. काम लवकर उरकावं म्हणून रोलरवरची जाळी काढून ठेवतो, शीळ घालत हात पुढे करतो... इथे नाटक्या थांबायचा. मग आवाज इतका खाली आणायचा, की मागच्या बाकावरचेही पुढे झुकायचे. आणि एकदम टेबलावर थाप! नऊ वर्षांत कुणी जाळीला हात लावला नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण खरं तर मित्र घाईचा नव्हताच. जाळी नाटक्यानेच साफसफाईसाठी काढली होती आणि परत बसवायला विसरला होता. हे त्याला ठाऊक आणि मला. मेलेल्याच्या माथी मारलं की गोष्ट रंगते, हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं. मला त्याचा संताप यायचा.

गेल्या महिन्यात नव्या तुकडीत त्या मित्राची मुलगी होती. आम्हाला पत्ताच नव्हता. गोष्ट संपल्यावर ती त्याच्याजवळ आली. डोळे लाल, आवाज शांत.

"काका, ते माझे बाबा. आई शपथेवर सांगायची, ते जाळी काढणारे नव्हतेच. आम्हाला तिचंच खरं वाटायचं. आज तुमच्या तोंडून कळलं, बरं झालं. घरी गेले की तिला सांगते, आता उगाच कारखान्याला शिव्या देऊ नकोस."

ती फाटकाबाहेर पडली तरी नाटक्या खडू हातात धरून उभाच. मी त्याचा दंड धरून हलवला. "अरे, जा ना! सांग तिला!"

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

त्याला महिना झाला. गोष्ट तो अजून तशीच सांगतो. मुलगी रोज कामावर येते. कुणीतरी आईची चौकशी केली, तर म्हणाली, "आता गप्पच असते." नाटक्याला भ्याड म्हणायला माझी जीभ शिवशिवते. पण तिचं यंत्र माझ्या शेजारीच आहे, जेवायला ती माझ्यासमोरच बसते, आणि मीठ पुढे करण्यापलीकडे मीही तिच्याशी काही बोललेलो नाही.