शेवटचा पाना

पारनेरच्या मिस्त्रींनी दुरुस्त केलेली मोटारसायकल कधी पुरी झालेली नसे, असं ते स्वतःच सांगत. गाडी पुसून दारात उभी असायची, आपण किक मारायला पाय उचलायचा आणि आतून आवाज यायचा, "थांबा. काम अजून व्हायचं हाय." मग हात पुसत बाहेर येऊन ते बजावत, "आज फिरवा. उद्या हितं या. शेवटचा पाना मी उद्या मारनार." कचेरीत आम्ही त्यांना थांबामिस्त्री म्हणत असू. हे नाव पाडणाऱ्यांत मीही होतो, आणि तेव्हा मला त्याचं मोठं कौतुक वाटलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी तालुक्यातल्या दुष्काळी कामांवर ओव्हरसियर होतो. पाझर तलाव, खडी, रस्ते अशी चार कामं रोज बघायची आणि त्यासाठी कचेरीची एक जुनी फटफटी माझ्या ताब्यात दिलेली. मुरमाच्या रस्त्यांवर आदळून तिच्या पुढच्या चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या दोन नळ्यांची, पार वाट लागायची. मग मिस्त्रींकडे जाणं आलंच. विहिरी आटल्यामुळे त्यांच्याकडे येणारी पाण्याची इंजिनं बंद झाली होती. त्या वर्षी त्यांच्या घरची चूल आमच्या कचेरीच्या गाड्यांवर पेटत होती.

चिमटा उतरवला की मिस्त्री गिऱ्हाइकाला कामाला लावत. हँडलच्या मानेतले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या पोलादी गोळ्या, रॉकेलनं धुऊन ते अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत घालत आणि ताटली सरळ गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवत. "मोजा, भाऊसाहेब. वरचे येगळे, खालचे येगळे. जेवढे निघाले तेवढेच आत गेले पायजेत. मागनं माझ्यावर बोल नको." मी डिप्लोमावाला माणूस, पण मुकाट्यानं मोजायचो. हात गुंतलेले असले की तोंड सुटतं. माझी नेमणूक कच्ची आहे, दर तीन महिन्यांनी नवी ऑर्डर येते, वडील नाहीत, मी कायम झालो तर धाकट्या बहिणीचं जमण्यासारखं आहे, हे सगळं मी त्या ताटलीवर वाकून त्यांना सांगितलेलं होतं. ते मानेतल्या वाटीत ग्रीस भरून एकेक छर्रा चिकटवत "व्हय, व्हय" करत. मला वाटायचं, यांचं लक्ष नाही.

चिमट्याच्या नळ्यांना ते पाय म्हणत. दोन्ही पायांत तेल औषधाच्या मापानं अगदी सारखं घालत. "एक पाय जेवलेला नि एक उपाशी, मग गाडी लंगडनारच की." इंजिनाखाली खोकं सारून पुढचं चाक अधांतरी ठेवलेलं असे. चिमटा चढवून मानेवरचा नट बसवला की ते हँडल मधोमध आणत आणि एका बोटानं नुसतं शिवत. हँडल आपल्या वजनानं त्या बाजूला पडलं पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला. अडखळलं तर नट जास्त आवळलाय. मग चिमटा खालून दोन्ही हातांनी धरून मागंपुढं हलवत. खट वाजलं तर नट ढिला आहे. या दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत त्यांचा अर्धा दिवस जाई, आणि एवढं करूनही ते केसभर ढिलं ठेवत. छर्रे एक दिवस पळून आपापल्या जागी बसले, की मग शेवटचा पाना.

एका खेपेला मी शेवटच्या पान्याला गेलोच नाही. साइटवरून पारनेर लांब, ऊन रणरणतं, आणि खरं कारण म्हणजे आळस. तिसऱ्या दिवशी ब्रेक मारला की हँडलात बारीक खट ऐकू येऊ लागलं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठे साहेब तपासणीला यायचे होते, आणि त्यांना माझ्याच मागे बसून कामं बघायची होती. मजुरांसाठी हापसा बसवणारी माणसं तिथंच होती. त्यांचा दातेरी पाईपपाना मी मागून घेतला आणि मानेवरचा नट दोन्ही हातांनी, जोर लावून आवळला. हँडल असं घट्ट झालं की मला वाटलं, आता कुठे गाडी गाडीसारखी झाली.

साहेब मागे बसले. उताराच्या वळणावर हँडल वळलं ते वळलेलंच राहिलं, सरळ व्हायला तयार होईना. आम्ही दोघंही मुरमात लोळलो. माझे गुडघे फुटले, साहेबांचं मनगट मोडलं. धुळीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "गाडीचं काम कोणी केलं होतं?"

मी म्हणालो, "पारनेरच्या मिस्त्रींनी."

यात खोटं काहीच नव्हतं. मी पुष्कळ दिवस स्वतःला हेच समजावत असे.

चार दिवसांनी मिस्त्रींना कचेरीत बोलावणं गेलं. ते गाडीपाशी उकिडवे बसले, मानेवरचा नट फडक्यानं पुसला आणि त्यावरून बोट फिरवलं. पाईपपान्यानं नटाचे कोपरे खाल्ले होते. त्यांच्या दुकानात पाईपपाना नव्हताच, हे मला ठाऊक होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी हातातल्या मस्टरमध्ये डोकं घातलं.

"नट जादा आवळलेला होता ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. लई आवळलेला हुता."

"मग?"

"गाडी माझ्याकडनंच गेल्ती," मिस्त्री म्हणाले आणि उठून पायात वहाणा घातल्या.

कचेरीच्या गाड्या त्या दिवसापासून नगरला जाऊ लागल्या. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी बोललो नाही. मे महिन्यात माझी कायमची ऑर्डर आली, बहिणीचं लग्न ठरलं, आणि बदली झाली अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडे.

जाताना, कचेरीत जमा करण्याआधी, तीच गाडी घेऊन मी त्यांच्या दुकानी गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. दुकानात एकही गाडी नव्हती. त्यांनी चहा मागवला, बहिणीचं विचारलं. मी लग्नाची तारीख सांगितली आणि कप खाली ठेवला. मग तेच म्हणाले, "घ्या गाडी आत," आणि चिमटा उतरवून ताटली माझ्या मांडीवर ठेवली. मी तीनदा मोजले, तीनदा चुकलो. नवा नट चढवल्यावर त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "आवळा. आजून. थांबा. आता उलिसा सोडा." मी हँडलला बोट लावलं. ते हळूच एका बाजूला पडलं.

निघताना त्यांनी तो दात उमटलेला जुना नट कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातला. "तुमच्याकडं असू द्या. हितं ऱ्हायला तर कुनाच्या तरी नदरंस पडंल." आणि नेहमीसारखं म्हणाले, "उद्या या. शेवटचा पाना ऱ्हायलाय."

मी गेलो नाही. दोन वर्षांनी कळलं, की दुकान बंद करून ते नगरजवळ नागापूरला एका कारखान्यात लागले. दिवसभर एकच नट आवळायचं काम, आणि तिथं थांबा म्हणायची सोय नाही. नागापूर काही परदेशात नव्हतं. तरी मी गेलो नाही. आता ते हयात असणं शक्य नाही, आणि ते गेल्याची बातमी कधी कळली नाही याचंसुद्धा मला कुठेतरी बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

परवा सूनबाई माझा ड्रॉवर आवरत होती. कागदाची पुडी उघडून तिने विचारलं, "बाबा, हा नट कुणी असा खाल्लाय?"

"जुन्या गाडीचा आहे. पारनेरला एक मिस्त्री होते," मी म्हणालो, आणि थांबलो. ती ऐकत उभी होती.

"त्यांनी नाही," मी म्हणालो. "मी."

"बरं," ती म्हणाली, आणि पुडी होती तिथं ठेवून दिली.