अनुवाद न केलेली ओळ

“सगळा रिपोर्ट केला म्हणता, मग मुलगा का मुलगी ते कुटं हाय?”

वैरागचे एक आडत व्यापारी सोलापुरातल्या माझ्या जर्मन अनुवादाच्या ऑफिसात बसून विचारत होते. जर्मनीत राहणारी त्यांची सून पाचव्या महिन्यात सासरी आली होती. इथल्या डॉक्टरीणबाईंना तिकडच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत हवा होता. सुनेनं तो मला थेट मेल केला. सासरे फक्त प्रिंट न्यायला आलेले.

तिच्या अंडाशयात छोटी गाठ होती. जर्मनमध्ये लिहिलं होतं ‘एशोफ्राय’. म्हणजे मशीनचा आवाज तिथून परत येत नाही, पडद्यावर काळं दिसतं. आत नुसतं पाणी. इंग्रजीत ‘अ‍ॅनएकोइक’. ‘एशोआर्म’ असतं तर थोडा आवाज परत येतो, आणि मग डॉक्टर वेगळा विचार करतात. असे शब्द मी पुन्हा पुन्हा तपासते.

खाली एक ओळ बाळाच्या लिंगाची होती. तिकडे ती सर्रास लिहितात. आपल्याकडे ते सांगणं गुन्हा आहे, मग सांगणारा कुणी का असेना. म्हणून मी तिथं कंसात लिहिलं, ‘भारतीय कायद्यामुळे ही ओळ अनुवादित केलेली नाही.’

“लपवलं म्हंजी मुलगीच की!”

“काका, मुलगा असता तरी हेच लिहिलं असतं.”

“मुलगा कोन लपवतंय, म्याडम? बरं, तो जर्मन कागद तरी द्या.”

“ज्यांनी पाठवला त्यांचा आहे तो. त्यांनाच मागा.”

“घरचीच हाय की सून!”

“मग तर सोपंच झालं. घरीच विचारा.”

ते तणतणत गेले. माझं डोकं फिरलं होतं, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती. त्या पोरीला आता त्याच घरात राहायचं होतं.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला.

“मॅडम, पप्पांनी घरभर सांगितलंय, मुलगी आहे म्हणून.”

“अगं, मी एक शब्दही बोलले नाही!”

“माहितीये. मला तिकडंच कळलंय काय आहे ते. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आता कोण कसं वागतं ते बघते. बाळंतपण कुठं करायचं, ते त्यावर ठरवीन.”

तेव्हापासून गरोदरपणाचा कुठलाही रिपोर्ट आला, की ते कायद्याचं वाक्य मी पहिल्याच पानावर टाकते. ओळ असो वा नसो. रिकाम्या जागेतही लोक स्वतःच्या मनातलंच वाचतात.

तिनं महिन्याभरात परतीचं तिकीट काढलं. बाळंतपण जर्मनीत झालं.