तांबोशीसाठी काठी, रीळ आणि सासरे

पहिली काठी मी आणली ती पाच नंबरची. फ्लाय फिशिंगच्या काठ्यांना नंबर असतात, नंबर जितका मोठा तितकी काठी दणकट, एवढं व्हिडिओ बघून कळलेलं. खाडीतल्या तांबोशीसाठी आठ नंबर घ्या, असंही तिथेच सांगितलेलं. पण पाच नंबरसोबत काठी ठेवायला एक देखणी नळी मिळत होती, आणि ती खांद्याला अडकवली की मी आर्किटेक्ट वाटत होतो. बावन्नाव्या वर्षी माणूस अशाच कारणांनी खरेदी करतो.

तांबोशी म्हणजे खाऱ्या पाण्यातला लाल, तापट मासा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दिवाळीनंतर त्याच्या कोकणातल्या गावी, खाडीवर बोलावलं होतं. मला मासे खाण्याचा अनुभव दांडगा, पकडण्याचा शून्य. तरी हो म्हटलं ते सासऱ्यांसाठी. ते कल्याणजवळ मोहन्याला राहायचे, कारखान्यात मेन्टेनन्सला होते आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस उल्हास नदीत गळ टाकून बसायचे. दोन वर्षांपूर्वी तिथेच शेवाळावरून घसरले, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण आमच्या डोंबिवलीच्या घरी आल्यापासून ते खुर्ची आणि संडास यापलीकडे गेले नव्हते. नदीचा विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढायचा. बायको म्हणायची, बाबा पुन्हा पाण्याजवळ उभे राहिले नाहीत तर या खुर्चीतच संपतील. म्हणून त्यांना खाडीवर न्यायचं, असं आमचं ठरलं. त्यांचं काही ठरलं नव्हतं.

मी काठी समोर धरली. त्यांनी शेंडा दोन बोटांनी वाकवून पाहिला.

"मच्छरदाणी बांधायला बरी आहे, जावईबापू."

कित्येक दिवसांतलं ते त्यांचं सर्वांत लांब वाक्य होतं.

काठी बदलून आठ नंबरची आणली, सोबत रीळ. दुकानदार म्हणाला होता, खाऱ्या पाण्यात चालते. बाबांनी लोणच्याची रिकामी बरणी मागितली, त्यात मीठपाणी केलं, रीळ बुडवली आणि फडकं बांधून बरणी गॅलरीत उन्हाला ठेवली. कारखान्यात नवा नटबोल्टसुद्धा ते असाच तपासून घ्यायचे म्हणे. बायको बरणीसाठी भडकलीच होती, पण बाबा सकाळ-संध्याकाळ स्वतःहून उठून गॅलरीपर्यंत जातायत हे दिसल्यावर गप्प बसली. चौथ्या दिवशी पाणी चहासारखं झालं आणि रीळ फिरेना.

मी मुद्दाम चुकीचं सामान आणतोय, म्हणजे बाबा बोलते होतील, असा बायकोचा समज झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. मी तो समज तसाच राहू दिला.

मग त्याच गंजलेल्या रिळेवरची दोरी हाताने ओढून काढत गच्चीत सराव सुरू केला. या प्रकारात आमिष म्हणजे पिसांची बनावट माशी. तिला वजन नसतं, म्हणून दोरीच जड असते. ती हवेत मागे-पुढे झुलवायची आणि मग सोडायची. मी सोडली ती खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गाऊनमध्ये अडकली. दुसऱ्यांदा माझ्याच कॉलरमध्ये. काकूंचा आवाज ऐकून असेल, बाबा लिफ्टने वर आले, शेवटच्या आठ पायऱ्या कठडा धरून चढले.

"मागे गेलेली दोरी सरळ तरी होऊ द्या की. घाई कुठे आहे?"

काठी माझ्याकडून घेतली, आणि तिसऱ्या फेकीला दोरी पार पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ पडली. मग टेकून बसत त्यांनी विचारलं, खाडीत उतरायला चिखल असतो का. खोटं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, असतो, निसरडाही असतो. ते उठून खाली गेले आणि दोन दिवस टीव्हीचा आवाज सगळ्या मजल्याला ऐकू गेला. बायकोचा आदरही ओसरला.

शनिवारी सकाळी मात्र ते पॅन्ट घालून दारात उभे. म्हणाले, रीळ घ्यायचीय ना, तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा लोखंड उचलून आणाल.

ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोमागे ते दुकान आहे. रीळ त्यांनी कानाशी धरून फिरवली, सांध्यांतून नख फिरवलं, दुकानदाराला घाम फोडला. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या बुटांकडे गेलं. तळव्याला खिळे असलेले, निसरड्या खडकावर चालायचे बूट. आठ नंबर आहे का, विचारून ते स्टुलावर बसले. मी नाडी बांधायला वाकलो तर माझा हात बाजूला केला.

दाराशी फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. ते तिथे जाऊन उभे राहिले. आधी काउंटर सोडला, मग माझा कोपर. टाच दाबून पाहिली, एकदा, पुन्हा एकदा. मी मागे विकेटकीपरसारखा हात पसरून वाकलेला.

दुकानदाराने मला विचारलं, बूट तुमच्यासाठी की काकांसाठी.

"मासे धरायला मी जातोय," बाबा त्याला म्हणाले. "हे सामान उचलायला येतायत."