निलगिरीचं तेल आणि वास्तुशांत

निलगिरीच्या तेलाचा वास आला की आमची वास्तुशांत आठवते, कारण पूजेनंतर बायकोची सुजलेली पोटरी मी त्याच तेलानं पैलवानासारखी रगडायला घेतली होती. पूजेला अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या हार्मोनच्या गोळ्याही मीच, डॉक्टरांना न विचारता, दिंडोरी रोडच्या मेडिकलमधून आणल्या होत्या. सूज उतरेना म्हणून दवाखान्यात गेलो, तिथं डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं ऐकलं आणि माझे तेलकट हात पाहिले. "आधी चोळणं थांबवा. या गोळ्यांनी एखादीला रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. माहेरी कुणाला झाली होती का?" "हिच्या आईला," मी म्हणालो. सोनोग्राफीच्या दाराबाहेर मी हात पुसत बसलो, वास काही जाईना. गुठळी निघालीच, पण वेळेत सापडली. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी पूजा पुढे ढकला."